सरपणाची खोली आणि रसायनशाळा : हॉलच्या शोधकथेची चिकित्सा

१

शास्त्रीय शोधांच्या कथा हा वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार मानावयास हरकत नसावी. या कथांचा नायक बहुधा ठरावीक असतो, त्याच्यावरील संकटे ठरावीक असतात आणि शेवट तर वाचकास आधीच ठाऊक असतो. पाठ्यपुस्तके, चरित्रे आणि समारंभांतील भाषणे यांतून त्या पुनःपुन्हा सांगितल्या जातात. प्रत्येक वेळी त्यांतील काही तपशील गळतो आणि काही अधिक घट्ट होतो. अशा कथेची चिकित्सा करणे म्हणजे ती खोटी ठरविणे नव्हे. ती काय सांगते, काय सांगावयाचे राहून जाते आणि त्या राहून जाण्याचा परिणाम कोणावर होतो, हे पाहणे एवढेच चिकित्सेचे काम होय.

चार्ल्स मार्टिन हॉल या तरुणाने २३ फेब्रुवारी १८८६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन या गावी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमचे लहान लहान चकाकणारे गोळे मिळविले. त्या वेळी त्याचे वय २२ वर्षांचे होते आणि गावच्याच महाविद्यालयाची पदवी घेऊन त्यास वर्षही झाले नव्हते. हा प्रयोग त्याने केला तो राहत्या घराच्या मागील बाजूस असलेल्या सरपणाच्या खोलीत. कथेचा सर्व प्रकाश नेमका या खोलीवर पडलेला आहे. जुनियस एडवर्ड्‌स यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या हॉलच्या चरित्राचे नावच मुळी ‘द इमॉर्टल वुडशेड’, म्हणजे ‘अमर सरपणखोली’ असे आहे. चरित्राला नायकाचे नाव न देता खोलीचे नाव द्यावे, इतका त्या खोलीचा महिमा वाढला होता.

या नावाने एक विधान आपोआपच केले जाते. जे काही घडले ते खोलीत घडले. बाहेर जे होते ते केवळ पार्श्वभूमी. बाहेर होते ते एक लहान महाविद्यालय, त्यातील रसायनशास्त्राचे एक अध्यापक आणि घरात असलेली, त्याच महाविद्यालयात शिकलेली एक बहीण. या तिघांना पार्श्वभूमीत ढकलून शोधाची कथा सुटसुटीत होते खरी. परंतु ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने दुबोध आणि शिक्षणाच्या दृष्टीने घातक होते, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

२

ओबर्लिन महाविद्यालयाची स्थापना १८३३ साली झाली. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे दार लवकर उघडणारी संस्था म्हणून अमेरिकेच्या शिक्षणाच्या इतिहासात तिचे नाव घेतले जाते. धर्मोपदेशक घडविणे हा तिच्या कार्याचा मोठा भाग होता. हॉलचे वडील स्वतः धर्मोपदेशक होते. त्याचे आईवडील दोघेही ओबर्लिनमध्ये शिकलेले होते. १८७३ साली हे कुटुंब ओबर्लिन गावी येऊन स्थायिक झाले. १८८० साली हॉलने महाविद्यालयात प्रवेश घेतला.

याच १८८० साली फ्रँक फॅनिंग ज्यूएट हे तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्यूएट येल विद्यापीठाचे पदवीधर होते. जर्मनीतील गटिंगेन येथे त्यांनी पुढील अध्ययन केले होते आणि तेथून परतल्यावर १८७६ ते १८८० या काळात जपानमध्ये टोकियो येथे अध्यापन केले होते. गटिंगेन हे फ्रीडरिख वोलर यांचे कार्यक्षेत्र. आणि वोलर यांनीच १८२७ साली ॲल्युमिनियम धातू रासायनिक मार्गाने वेगळा केला होता. लहान गावातील महाविद्यालयात जगातील रसायनशास्त्र येते ते असे, एखाद्या अध्यापकाच्या अंगावरून. ग्रंथालय अपुरे असेल, उपकरणे मोजकी असतील. पण ज्याने एखादा पदार्थ प्रत्यक्ष हाताळला आहे असा मनुष्य वर्गात उभा असेल, तर त्या पदार्थाचे अस्तित्व विद्यार्थ्यांच्या लेखी केवळ पुस्तकी राहत नाही.

तथापि या शिक्षणक्रमाची व्याप्ती अतिशय मर्यादित होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हॉलची पदवी कलाशाखेची होती. रसायनशास्त्राचा नियमित वर्ग त्याने केला तो महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात. आजच्या पदवी परीक्षेच्या विद्यार्थ्यास अकार्बनी, कार्बनी आणि भौतिक अशा तिन्ही शाखांचा जो क्रमवार अभ्यास करावा लागतो, त्याच्या तुलनेने हे शिक्षण फारच तुटपुंजे म्हणावे लागेल. मग एवढ्या तुटपुंज्या शिक्षणातून एवढा मोठा शोध निघाला कसा? कथा या प्रश्नाचे उत्तर ‘प्रतिभा’ या एका शब्दात देते. ते उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा कथेच्या आरंभापाशीच उघड होतो.

३

या शोधाचे दोन आरंभ सांगितले जातात. पहिला ज्यूएट यांनी सांगितलेला. वर्गात ॲल्युमिनियमविषयी बोलताना त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, हा धातू स्वस्तात मोठ्या प्रमाणावर मिळविण्याची रीत जो शोधील तो मानवजातीवर उपकार करील आणि स्वतःही श्रीमंत होईल. तेव्हा शेजारी बसलेल्या सोबत्याला हॉल म्हणाला की, आपण याच धातूच्या मागे लागणार. हा प्रसंग पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की कथेचा तो मंगलाचरणाचा श्लोकच बनला.

दुसरा आरंभ स्वतः हॉलने सांगितलेला. १९११ साली त्यास पर्किन पदक देण्यात आले, तेव्हाच्या भाषणात त्याने आपल्या रसायनशास्त्राच्या ज्ञानाचा उगम सांगितला तो शाळकरी वयातला. वडिलांनी १८४० नंतरच्या दशकात महाविद्यालयात अभ्यासलेले एक जुने पुस्तक घरात होते, ते त्याने वाचले होते. पुढे फ्रान्समधील सँत-क्लेर दविल यांच्या कार्याविषयी त्याच्या वाचनात आले. चिकणमातीचा प्रत्येक ढिगारा ही ॲल्युमिनियमची खाणच होय आणि तरीही तो धातू महाग आहे, ही विसंगती त्याच्या मनाला लागली.

दोन्ही निवेदने प्रामाणिक आहेत. अध्यापकाची आठवण वर्गापासून सुरू व्हावी आणि विद्यार्थ्याची पुस्तकापासून, हे स्वाभाविकच आहे. प्रत्येकास आरंभ दिसतो तो स्वतः उभा असलेल्या जागेवरून. परंतु दोन्हींना जोडणारा दुवा मात्र दोन्हींतून निसटतो. पुस्तकी कुतूहल घेऊन आलेला मुलगा प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी काचेच्या नळ्या आणि परीक्षानळ्या मिळविण्यासाठी ज्यूएट यांच्याकडे गेला होता. म्हणजे रसायनशास्त्राचा वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन-तीन वर्षे अध्यापक आणि विद्यार्थी यांचा परिचय झाला होता. ज्या वाक्याने ठिणगी पडली असे म्हणतात, ते वाक्य पडण्यापूर्वी जमीन तयार झालेली होती. जेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या टेबलापर्यंत जाण्यास तीन वर्षे थांबावे लागत नाही, तेथेच हे शक्य असते. लहान महाविद्यालयाचा पहिला गुण हा, आणि कथेतून पहिल्यांदा गळतो तोही हाच.

४

हॉलचे प्रयोग कोणत्या क्रमाने झाले हे पाहिले म्हणजे ‘प्रतिभा’ या शब्दाआड काय दडले आहे हे अधिक स्पष्ट होते. ॲल्युमिनियम निसर्गात विपुल आहे. पण ऑक्सिजनशी त्याचे बंधन इतके दृढ आहे की लोखंडाप्रमाणे कोळशाबरोबर भट्टीत तापवून ते सहज मोकळे होत नाही. दविल यांनी १८५४ साली सोडियम धातूच्या साहाय्याने ते मिळविण्याची रीत काढली. परंतु सोडियम स्वतःच महाग असल्यामुळे ॲल्युमिनियमही महागच राहिले. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर जे ॲल्युमिनियमचे टोक बसविण्यात आले त्याचे वजन १०० औंस, म्हणजे सुमारे २.८ किलोग्रॅम होते. राष्ट्रीय स्मारकाच्या माथ्यावर मिरवावा अशा योग्यतेचा तो धातू समजला जात होता.

हॉलने प्रथम रासायनिक मार्ग चोखाळून पाहिले आणि ते सोडून विजेकडे तो वळला. ॲल्युमिनियम फ्लोराइडच्या पाण्यातील द्रावणातून त्याने वीज सोडली, तेव्हा ऋणाग्रापाशी धातू न येता हायड्रोजन वायू निघाला आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका बसला. येथे त्याने काढलेला निष्कर्ष योग्य होता : पाणी असेल तोपर्यंत धातू मिळावयाचा नाही, विद्रावक पाण्यावाचूनचा हवा. ॲल्युमिना स्वतः वितळविण्यास २००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, आणि तसे तापमान घरगुती भट्टीत मिळणे अशक्य. म्हणून ॲल्युमिना विरघळवून घेईल असे वितळलेले लवण शोधणे प्राप्त झाले. निरनिराळी फ्लोराइडे वापरून पाहिल्यावर फेब्रुवारी १८८६ मध्ये क्रायोलाइट हे खनिज त्याच्या हाती आले. ते सुमारे १००० अंशांवर वितळते आणि त्यात ॲल्युमिना विरघळते.

यानंतर केलेल्या विद्युत् विच्छेदनात पुन्हा अपयश आले. ऋणाग्रावर करडा थर जमला, पण तो ॲल्युमिनियमचा नव्हता. हा क्षण कथेत बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः परीक्षा होती ती येथे. मूस मातीची होती; मातीत सिलिकेटे असतात; वितळलेले फ्लोराइड त्यांवर हल्ला करते आणि विजेने मुक्त होते ते सिलिकॉन. दोष विजेचाही नाही आणि क्रायोलाइटचाही नाही, तो भांड्याचा आहे, असे अनुमान करण्यासाठी मनुष्यास दोन गोष्टी अवगत असाव्या लागतात. मिळालेला पदार्थ अपेक्षित पदार्थ नाही हे परीक्षेने ठरविता आले पाहिजे, आणि भांड्याचा पदार्थ हाही विक्रियेत भाग घेणारा एक पदार्थ असतो हे ध्यानात आले पाहिजे. हॉलने मुशीला आतून कार्बनचे अस्तर दिले आणि २३ फेब्रुवारीस धातूचे गोळे हाती आले.

भांडे स्वच्छ आहे काय, विक्रियेत ते निष्क्रिय राहील काय, हाती आलेला साका कशाचा आहे, हे प्रश्न कोणत्याही पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत रोज विचारले जातात. लवणाच्या गुणात्मक विश्लेषणाचा तास कंटाळवाणा म्हणून विद्यार्थी त्याची चेष्टा करतात. पण ‘मला हवे ते मिळाले’ असे मनाने सांगितले तरी परीक्षानळी काय सांगते तेच खरे, ही शिस्त तेथेच लागते. सरपणाच्या खोलीत करडा थर पाहून न फसणारा डोळा रसायनशाळेत तयार झाला होता. ही गोष्ट प्रतिभेला कमीपणा आणणारी नाही. प्रतिभेने कोणत्या हत्याराने काम केले, एवढेच तिने कळते.

५

आता त्या खोलीतील वस्तूंची मोजदाद करून पाहावी. भट्टी गॅसोलीनवर चालणारी, घरीच जुळवलेली होती. विद्युत् घट बन्सन-ग्रोव्ह पद्धतीचे होते. त्यांसाठी लागणाऱ्या सामग्रीत आणि एकूण साहित्यात ज्यूएट यांचे साहाय्य होते. पुष्कळशी रसायने आणि उपकरणे हॉलने स्वतः तयार केली, पण ती तयार करण्याची कृती तो ज्यूएट यांच्या प्रयोगशाळेत शिकला होता. विद्यार्थिदशेत त्याने तेथे काम केले होते आणि पदवीनंतरही सल्ल्यासाठी त्याचे तेथे जाणे-येणे चालू होते. धातूचे गोळे मिळाल्यावर ते पाहण्यास मिळाले तेही ज्यूएट यांना. अशा रीतीने पाहू जाता, ती खोली म्हणजे महाविद्यालयाच्या रसायनशाळेचीच गावात पसरलेली एक शाखा होती. कथा मात्र त्या खोलीला चार भिंती घालून तिचे दार लावून घेते.

त्या दाराच्या आत आणखी एक व्यक्ती होती. ज्यूलिया ब्रेनर्ड हॉल ही चार्ल्सची थोरली बहीण. तिनेही ओबर्लिनमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता आणि १८८१ साली आपला शिक्षणक्रम पुरा केला होता. आईच्या आजारपणात आणि त्यानंतर घराचा भार तिच्यावर पडला. स्वयंपाकघर आणि सरपणाची खोली यांत अंतर किती असावयाचे? चार्ल्स आपले बेत तिच्यापाशी बोलत असे. प्रयोग पाहण्यास ती हजर असे. घडलेल्या गोष्टींच्या तारखा तिच्या ध्यानात असत. पुढे पिट्सबर्ग येथे कारखान्याच्या उभारणीसाठी गेल्यावरही तो तिला पत्रांतून कामाची हकीगत सविस्तर कळवीत राहिला.

ज्यूलियाचे महत्त्व प्रथम ओळखले ते कथाकारांनी नव्हे, तर पेटंट कचेरीच्या कामकाजाने. फ्रान्समध्ये पॉल हेरूल याने हीच रीत स्वतंत्रपणे शोधून २३ एप्रिल १८८६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला होता. हॉलचा अमेरिकेतील अर्ज ९ जुलै १८८६ चा. अर्जाच्या तारखा पाहता हेरूल पुढे होता. पण अमेरिकन कायद्याने शोध प्रत्यक्ष कधी लागला हे सिद्ध करण्यास वाव होता. तेव्हा २३ फेब्रुवारी ही तारीख शाबीत करण्यासाठी पुरावे गोळा करावे लागले. हॉलने भाऊ जॉर्ज यास लिहिलेली पत्रे, ज्यूएट यांची साक्ष आणि ज्यूलियाची साक्ष ही कामी आली. ज्यूलियाने तर भावाच्या शोधाचा लेखी वृत्तान्तच तयार केला होता. २ एप्रिल १८८९ रोजी हॉलला पेटंट मिळाले.

येथे चिकित्सकास एक विलक्षण गोष्ट आढळते. हॉलच्या शोधाची अगदी पहिली ‘कथा’ एका स्त्रीने लिहिली, आणि तिचा हेतू वाचकांचे मन रिझविणे हा नसून तारीख व घटना पक्क्या करणे हा होता. कायद्यापुढे एकटेपणा ही दुबळी बाजू असते. तेथे साक्षीदार लागतात. म्हणून पेटंटच्या कागदपत्रांत खोली माणसांनी भरलेली आहे. समारंभात आणि चरित्रात मात्र एकटेपणा हे भूषण ठरते. म्हणून तेथे ती खोली रिकामी होत जाते. एकच घटना, परंतु निवेदनाचा हेतू बदलताच तिच्यातील पात्रांची संख्या बदलते. याहून मोठा पुरावा कथेच्या घडणीविषयी शोधण्याची गरज नाही.

१९७७ साली मार्था ट्रेस्कॉट यांनी अमेरिकेतील रसायनशिक्षणाच्या नियतकालिकात ज्यूलियावर लेख लिहून तिच्या सहभागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९८६ साली, शोधाच्या शताब्दीच्या वर्षी, ओबर्लिनचेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन क्रेग यांनी त्याच नियतकालिकात हॉल, त्याचे गुरू आणि त्याचा धातू यांचा एकत्रित विचार केला. ज्यूलिया ही सहसंशोधक की जाणकार मदतनीस, याविषयी मतभेद संभवतो. लेखी पुराव्यावरून तिने शोधाची मूळ कल्पना सुचविली असे म्हणता येणार नाही. परंतु रसायनशास्त्र समजणारे दुसरे माणूस त्याच घरात असणे, ही गोष्ट कल्पनेइतकीच मोलाची असू शकते. आपला तर्क दुसऱ्या जाणत्यापुढे मांडताना त्यातील फट स्वतःलाच दिसते, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव आहे.

६

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो हेरूल याच्याच नावाने येतो. हेरूल १८६३ साली जन्मला आणि १९१४ साली वारला. हॉलच्याही जन्ममृत्यूची वर्षे हीच. दोघांनी एकाच वर्षी एकच रीत शोधली. हेरूल पॅरिसच्या खाणविद्येच्या प्रसिद्ध संस्थेत गेला होता, पण तेथील शिक्षण त्याने पुरे केले नाही. प्रयोग केले ते वडिलांच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात. मग महाविद्यालयाचे श्रेय ते काय? काळ पक्व झाला होता, दविलचे लेखन उपलब्ध होते, शोध कोठे ना कोठे लागणारच होता, असे कोणी म्हणेल.

हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कल्पना दोघांना सुचली, आणि ती सुचण्यास ओबर्लिनची आवश्यकता नव्हती हे मान्य करावे लागेल. पण हेरूलपाशी कारखान्याचे वाफेचे यंत्र होते आणि त्याने डायनामो मिळविला होता. हॉलपाशी यांपैकी काही नव्हते. हाताने भरलेल्या घटांवर त्यास भागवावे लागले. जेथे भांडवल आहे तेथे महाविद्यालयाची उणीव भरून निघू शकते. जेथे भांडवल नाही, तेथे धर्मोपदेशकाच्या मुलाला त्याच पायरीवर आणून उभे करणारी दुसरी कोणती संस्था होती? लहान महाविद्यालयाचे श्रेय शोधाच्या कल्पनेत शोधू नये; ते या पायरीत शोधावे.

दुसऱ्या बाजूने अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. एका हॉलवरून प्रत्येक लहान महाविद्यालय ही शोधांची खाण आहे असे अनुमान काढणे तर्कदुष्ट होय. ज्यूएट यांनी १९१२ पर्यंत अध्यापन केले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या नावे कोणताही शोध नाही. शिवाय हॉलचे घर महाविद्यालयाच्याच गावात होते, पदवीनंतर लगेच पोटापाण्याला लागण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती, आणि घर सांभाळण्यास ज्यूलिया होती. या साऱ्याच सोयी ज्यूलियाला मात्र नव्हत्या. त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकून तिच्या वाट्यास आले ते घर. ओबर्लिनने स्त्रियांना दार उघडले होते. दारापलीकडचा रस्ता त्याच्या हाती नव्हता.

७

असे असता सरपणखोलीची कथा लोकप्रिय का झाली? मराठी वाचकास याचे उत्तर एकलव्याच्या आख्यानातून सहज कळेल. गुरूने नाकारलेला शिष्य अरण्यात मातीची मूर्ती मांडून स्वतःच विद्या संपादन करतो, ही कल्पना मनाला भुरळ घालणारी आहे. तीत शिष्याचे तेज वाढते. परंतु आख्यानात द्रोणाचार्यांनी एकलव्यास खरोखरच नाकारलेले होते. ती त्या कथेची वेदना आहे. ज्यूएट यांनी हॉलला नाकारले नव्हते. त्यांनी नळ्या दिल्या, जागा दिली, सल्ला दिला आणि शेवटी साक्षही दिली. अशा अध्यापकास मातीची मूर्ती करून टाकणारी कथा शिष्याचा गौरव करण्याच्या भरात गुरूवर अन्याय करते, आणि गुरुदक्षिणेचा अंगठा कापून घेते तो गुरूचाच.

हॉलने स्वतः ही चूक केली असे म्हणता येत नाही. १८८८ साली स्थापन झालेली पिट्सबर्ग रिडक्शन कंपनी पुढे वाढून १९०७ साली ‘अल्कोआ’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी झाली; ॲल्युमिनियमचा भाव काही वर्षांतच पौंडास एका डॉलरच्या खाली आला; आणि १९१४ साली मृत्यू पावताना हॉलने आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा ओबर्लिन महाविद्यालयास ठेवला. तेथील सभागृहास त्याच्या आईचे नाव देण्यात आले. कृतज्ञतेचा हिशेब त्याने दानपत्रात मांडला. कथाकारांनी तो वाचला नाही.

महाराष्ट्रातील कित्येक घरांत ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणण्याची रूढी आहे. ज्या रीतीने तो धातू स्वयंपाकघरात येण्याइतका स्वस्त झाला ती अमेरिकेतील आणि फ्रान्समधील दोन तरुणांची. नाव मात्र तिसऱ्याच देशाचे. या गैरसमजाने कोणाचे नुकसान होत नाही. सरपणखोलीच्या कथेने मात्र होते. पदवीच्या वर्गात ‘हॉल-हेरूल पद्धती’ शिकविली जाते तेव्हा दोन नावे, एक आकृती आणि एक समीकरण फळ्यावर येते. त्याला जोडून कथा सांगितली गेलीच, तर ती खोलीचीच असते. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात, दहा जणांत एक तराजू वाटून घेणाऱ्या विद्यार्थ्याला या कथेतून काय कळते? खरा शोध महाविद्यालयाबाहेर लागतो आणि त्यासाठी लागणारी वस्तू उपजतच असावी लागते, एवढेच. त्याच्या अध्यापकालाही तीच कथा सांगते की तुमचे काम अभ्यासक्रम संपविण्याचे. बाकीचे प्रतिभेवर सोडा. मग साहित्याची मागणी, प्रयोगशाळेच्या तासांची मागणी, परीक्षानळ्या मागावयास आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी काढावयाचा वेळ, हे सारेच अनावश्यक ठरू लागते. संस्थेच्या उणिवा झाकण्यास एकाकी प्रतिभेच्या कथेइतके सोयीचे पांघरूण दुसरे नाही.

१९९७ साली अमेरिकन रासायनिक संस्थेने या शोधास राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा मान दिला आणि तो समारंभ ओबर्लिन येथे झाला. स्थळाची ही निवड योग्यच म्हटली पाहिजे. मात्र स्थळ म्हणून केवळ खोलीकडे बोट दाखविणे पुरेसे होणार नाही. ज्या टेबलापाशी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी काचेच्या नळ्या मागावयास उभा राहिला ते टेबल, ज्या वर्गात त्या दुर्मिळ धातूविषयी चार वाक्ये बोलली गेली तो वर्ग, आणि ज्या घरात एका बहिणीने तारखा लक्षात ठेवल्या ते घर, या तिन्ही स्थळांचा निर्देश त्या कथेत यावयास हवा. तसे झाल्यास कथा थोडी लांबेल आणि नायकाची उंची किंचित कमी दिसेल. पण तिच्यातील रसायनशास्त्र समजू लागेल, आणि लहान महाविद्यालयातील वाचकास तीत स्वतःची जागा सापडेल.